रथी, सारथी आणि ट्रकची निवड

पगारावर दुसऱ्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर स्वतःचा ट्रक घ्यायचे ठरवतो तेव्हा त्याच्यापुढचे प्रश्न वरवर निव्वळ हिशेबाचे दिसतात: गाडी किती टनांची, किती चाकांची, नवी की जुनी, उघड्या बॉडीची की कंटेनरची, आणि हप्ता किती. परंतु ज्या हेतूने हा हिशेब मांडला जातो तो हेतू हिशेबात मावत नाही. मालवाहतुकीच्या धंद्यात ज्याला ‘मालक-चालक’ म्हणतात, म्हणजे जो स्वतःच्याच गाडीवर स्वतः ड्रायव्हर असतो, त्याला पगारापेक्षा चार पैसे अधिक सुटावेत असे वाटतेच, पण त्याहूनही कोणता माल भरायचा, कोणत्या गावाला जायचे आणि घरी केव्हा परतायचे हे दुसऱ्याने ठरवू नये असे त्याला वाटत असते. त्याची ही इच्छा मुळात स्वातंत्र्याची इच्छा असल्यामुळे तिच्या पोटातला प्रश्नही तत्त्वज्ञानाचा आहे: विकत घेतलेल्या वस्तूच्या द्वारे माणूस स्वतंत्र होऊ शकतो काय, आणि होत असेल तर ते स्वातंत्र्य त्या वस्तूच्या कोणत्या गुणावर अवलंबून असते? भारतीय परंपरेत स्वत्व, ऋण, कर्तृत्व आणि कर्मफल या चार विषयांवर जो प्रदीर्घ विचार झाला, तो अशा प्रश्नांना लावून पाहण्याची प्रथा फारशी नाही. कठोपनिषदातील रथाच्या रूपकावर भाष्ये लिहिली गेली, पण रथ विकत घेणाऱ्याची अडचण भाष्यकारांपुढे आली नाही. त्या विचारातून निघणारा एक निष्कर्ष येथे मांडायचा आहे: ट्रकची निवड ही पुढच्या शेकडो निवडींच्या अटी ठरवून टाकणारी निवड असते, आणि म्हणून वाहतुकीच्या धंद्यातील नीती-अनीतीचा विचार रस्त्यावरच्या कृत्यापाशी सुरू न करता खरेदीच्या निर्णयापर्यंत मागे न्यावा लागतो.

प्रथम ‘स्वतःची गाडी’ यातील स्वत्वाचा, म्हणजे मालकीच्या नात्याचा, विचार केला पाहिजे. बाराव्या शतकाच्या आरंभी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि तीत, मालकी शास्त्राच्या आज्ञेने निर्माण होते की लोकव्यवहाराने, या वादात लोकव्यवहाराची बाजू घेतली. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही असे सीमेपलीकडचे लोकसुद्धा खरेदी-विक्री करतात आणि ‘हे माझे’ म्हणतात, तेव्हा स्वत्व ही लौकिक गोष्ट आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढच्या शास्त्रकारांनी स्वत्वाची व्याख्या ‘यथेष्टविनियोगार्हता’ अशी केली, म्हणजे जी वस्तू इच्छेप्रमाणे वापरता, देता किंवा विकता येण्याजोगी असते ती आपली. ही व्याख्या कर्जावर घेतलेल्या ट्रकला लावली की मालकीची उकल फार वेगळी दिसू लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५१ नुसार वित्तसंस्थेच्या तारणाची, म्हणजे हायपोथिकेशनची, नोंद गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर होते आणि ती नोंद उतरेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची झाल्यास वित्तसंस्थेची संमती लागते. वापर मालक-चालकाचा, विक्रीचा अधिकार बांधलेला, आणि हप्ते थकले तर ताबाही जाण्याची टांगती तलवार, अशी ही मालकी असते. गाडीच्या कपाळावर कुलदैवताचे नाव असते, मागच्या फाळक्यावर आईवडिलांचा आशीर्वाद रंगवलेला असतो आणि आरसी बुकात वित्तसंस्थेचे नाव असते. या तिन्ही ठिकाणच्या मजकुरांपैकी सर्वांत कमी सुबक अक्षरातला मजकूर सर्वांत बलवान असतो, ही बाब मालकीच्या कोणत्याही सिद्धांताने ध्यानात घेण्यासारखी आहे.

कर्जाचा विचार धर्मशास्त्राला नवा नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे: ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फिटते. या ऋणांचे वैशिष्ट्य असे की ती जगण्यातूनच फेडायची असतात आणि त्यांना तारीख नसते. ती माणसाला बांधतात ती एका परंपरेत बसवण्यासाठी. व्यवहारातल्या ऋणाविषयी मात्र शास्त्रकार सावध होते, आणि ‘दामदुपट’ या नावाने महाराष्ट्रात ओळखला जाणारा नियम, म्हणजे एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाच्या रकमेपेक्षा अधिक होऊ नये हा नियम, त्या सावधपणातूनच आला. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो इंग्रजी अमलातही मानला. या नियमामागची धारणा अशी दिसते की कर्जाने कर्जदाराची मिळकत खावी, पण कर्जदाराला खाऊ नये. ट्रकचा मासिक हप्ता या धारणेच्या कक्षेत नीट येत नाही, कारण त्याचा जाच रकमेपेक्षा तारखेचा असतो. उसाचे गाळप सुमारे पाच महिने चालते, कांद्याची आवक चढते आणि उतरते, पावसाळ्यात वाळू-खडी-सिमेंटची वाहतूक मंदावते. हप्ता मात्र बाराही महिने त्याच तारखेला उभा असतो. धंद्यातली नेहमीची चूक अशी की हप्ता पेलेल की नाही याचा अंदाज चांगल्या महिन्याच्या कमाईवरून बांधला जातो, तर त्याची खरी परीक्षा वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात होत असते. देहूच्या तुकोबांनी येणे असलेल्या कर्जांची खते भावाबरोबर वाटून घेऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते; पण तुकोबा तेथे धनको होते, आणि ऋणातून सुटण्याचा हा थोर मार्ग ऋणकोच्या हाती नसतो, हे त्या कथेचे कीर्तन करताना सहसा सांगितले जात नाही.

स्वत्व आणि ऋण यांच्या पलीकडचा प्रश्न कर्तृत्वाचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, विविध प्रकारचे करण म्हणजे साधन, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव; आणि ही पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. यांपैकी ट्रक हे उघडच करण आहे. व्याकरण आणि न्याय या शास्त्रांत करण म्हणजे कार्यसिद्धीला सर्वाधिक उपकारक होणारे साधन, आणि कर्ता म्हणजे जो स्वतंत्र आहे आणि इतर सर्व कारणांना कामाला लावतो तो. दृष्टांत म्हणून लाकूडतोड्या आणि कुऱ्हाड यांची जोडी वारंवार येते. पण कुऱ्हाड लाकूडतोड्याला रोज किती लाकूड तोडले पाहिजे हे सांगत नाही, आणि हप्त्यावरचा ट्रक ते सांगतो. साधन जेव्हा आपल्याबरोबर बंधन घेऊन येते तेव्हा कर्ता आणि करण यांच्यातली ही सरळ श्रेणी बिघडते. कोणते करण निवडले यावर कर्ता पुढे किती प्रमाणात कर्ता राहील हे ठरू लागते. गीतेची पाच कारणांची मांडणी कर्त्याचा अहंकार उतरवण्यासाठी केलेली आहे यात शंका नाही, परंतु तिचा दुसरा उपयोगही होऊ शकतो: पाचांपैकी एकाची निवड आपल्या हातात असेल, तर जबाबदारीचा मोठा भाग त्या निवडीच्या क्षणाकडे सरकतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते क्षमतेच्या प्रश्नावरून उत्तम दिसते. ट्रकचा भार दोन आकड्यांत मोजला जातो: गाडी आणि माल मिळून कायद्याने मान्य असलेले एकूण वजन, आणि त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून उरणारी मालाची क्षमता, जिला महाराष्ट्रातल्या धंद्यात ‘पासिंग’ म्हणतात. जुन्या टाटा गाड्यांच्या नावातच हे गणित असे. १६१३ या क्रमांकातले पहिले दोन अंक सुमारे सोळा टन एकूण वजन सांगत आणि शेवटचे दोन सुमारे एकशे तीस अश्वशक्ती. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली, तेव्हा दोन आसांच्या सहा चाकी ट्रकचे मान्य एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि तीन आसांच्या दहा चाकी ट्रकचे २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. अधिक चाकांच्या गाडीत दर टनामागे डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचे श्रम कमी पडतात, त्यामुळे कागदावर मोठी गाडी नेहमी फायद्याची ठरते. कागदावर न दिसणारी बाब अशी की मोठ्या गाडीला मोठा माल लागतो, आणि मोठा माल थोड्यांच्याच हाती असतो: पोलाद, सिमेंट, साखर, बंदरातले कंटेनर. कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा न्हावा-शेवा बंदराच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या गाडीला भाडे मिळते ते बहुतेक वेळा ट्रान्सपोर्टवाल्याच्या किंवा दलालाच्या मार्फत, आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत रिकामी गाडी उभी ठेवण्याची ताकद ज्याच्याकडे नसते त्याला देऊ केलेला दर घ्यावा लागतो. सहा चाकी गाडीचा टनामागचा खर्च अधिक असतो, पण ती तालुक्याच्या गावात शिरते, भाजीपाला, किराणा, फर्निचर, घरसामान असा सटरफटर माल उचलते, आणि तिच्या मालकाला स्वतःची गिऱ्हाइके जोडता येतात. एका गिऱ्हाइकाला नकार दिला तर दुसरे असते. मोठ्या गाडीचा मालक अधिक कमावतो हे खरे मानले तरी नकार देण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे कमी असते, आणि स्वातंत्र्याच्या कोणत्याही व्यावहारिक व्याख्येत नकाराचे सामर्थ्य कमाईच्या आधी येते.

कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो. श्रेय म्हणजे अंती हिताचे आणि प्रेय म्हणजे तत्काळ आवडणारे, ही दोन्ही माणसासमोर एकत्र येतात आणि विवेकी माणूस त्यांची पारख करून श्रेय पत्करतो. या भेदाचे सर्वांत परिचित उदाहरण वाहतुकीच्या धंद्यात ओव्हरलोडचे आहे. पासिंगपेक्षा चार टन अधिक माल भरला तर त्या खेपेत कमाई वाढते. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही वाहनाकडे येतो. ब्रेक उशिरा लागतात, टायर फुटतात, घाटात गाडी मागे ओढली जाते, रस्ता आणि पूल खचतात, आणि मरणारा बहुधा दुसराच कोणी असतो. नीतिविवेचक, पोलीस आणि वृत्तपत्रे या प्रसंगाचे वर्णन वजनकाट्यापासून करतात, जणू ड्रायव्हरसमोर श्रेय आणि प्रेय त्या क्षणी प्रथमच उभी राहिली. वस्तुतः ज्या माणसाने कायदेशीर पासिंगच्या कमाईत न बसणारा हप्ता पत्करला आहे, त्याने ओव्हरलोडचा निर्णय कर्जाच्या कागदांवर सही करतानाच घेतलेला असतो. काट्यावर उरते ते त्या निर्णयाचे पालन. याचा अर्थ काट्यावरचा ड्रायव्हर निर्दोष ठरतो असा नाही. अर्थ एवढाच की विवेकाचे स्थान आपण मानतो त्यापेक्षा बरेच आधी आहे, आणि ज्या हप्त्याचा हिशेब ओव्हरलोडशिवाय जुळत नाही तो हप्ता देऊ करणारी वित्तसंस्था आणि तो हिशेब तोंडी समजावून सांगणारा विक्रेता हे दोघेही त्या कर्माच्या कारणांत मोजले गेले पाहिजेत. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेचे स्वतंत्र प्रकरण घालून, काय करावे आणि काय करू नये हा पेच थोरामोठ्यांनाही पडतो हे दाखवले; पेच केव्हा पडतो, म्हणजे कर्माच्या साखळीत विचाराला जागा नेमकी कोठे असते, हा त्याच जिज्ञासेचा पुढचा भाग समजायला हरकत नाही.

याच कठोपनिषदात रथाचे प्रसिद्ध रूपक आहे. आत्मा हा रथी, म्हणजे रथात बसलेला स्वामी. शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे घोडे आणि विषय हे त्यांचे मार्ग. रूपकाचा भर सारथ्यावर आहे, कारण सारथी सावध असेल तर घोडे आवरले जातात. पण सर्व मांडणी ज्या गृहीतावर उभी आहे ते असे की रथी आणि सारथी हे दोन आहेत. स्वामीला मुक्काम हवा असतो, सारथ्याला घोड्यांची स्थिती माहीत असते, आणि या दोघांच्या भूमिका वेगळ्या असल्यामुळेच स्वामीच्या घाईला सारथी आळा घालू शकतो. पगारी ड्रायव्हर आणि गाडीचा मालक यांच्यात हा भेद दिसतो, जरी तेथे तो अनेकदा सारथ्याच्या पिळवणुकीचे रूप घेतो. आणि त्या पिळवणुकीला मर्यादा घालण्यासाठीच १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. हा कायदा २०२५ पर्यंत पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. एकाच गाडीवर स्वतः बसणारा मालक-चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि यात कायद्याची हयगय असली तरी एक तार्किक अडचणही आहे: सारथ्याचे रथीपासून संरक्षण करता येते, पण दोघे एकाच देहात असतील तर कोणाचे कोणापासून करायचे? राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत हा नियमही २०१८ मध्ये काढला गेला. मालक-चालकाच्या ठिकाणी थकलेला सारथी डोळे मिटू पाहतो तेव्हा हप्त्याची तारीख मोजणारा रथी त्याला जागे ठेवतो, आणि तिसरे कोणी मध्ये पडत नाही. पगारी ड्रायव्हर निदान मालकाला शिव्या देऊ शकतो.

म्हणून ट्रक निवडताना केबिनचा विचार ऐषआरामाचा मानला जातो तो चुकीचा आहे. भारतात दीर्घकाळ ट्रक ‘काऊल’ स्वरूपात विकला जाई, म्हणजे कारखान्यातून चेसिस, इंजिन आणि समोरचा दर्शनी भाग एवढेच मिळे. केबिन आणि बॉडी स्थानिक कारागीर लाकूड आणि पत्रा वापरून बांधत, आणि त्यात ड्रायव्हरची बैठक ही पैसे वाचवण्याची पहिली जागा असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ते ड्रायव्हर पेंगू नये यासाठी. केबिनवर खर्च करणारा मालक-चालक खरे तर आपल्यातल्या सारथ्याला थोडा अधिकार देत असतो, आणि रूपकाच्या भाषेत बोलायचे तर बुद्धीला स्वामीच्या घाईविरुद्ध बोलण्याची सोय करून देत असतो.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. ज्याच्याकडे डाउन पेमेंटला जेमतेम रक्कम आहे, ज्याला कोणती गाडी ‘फायनान्स’ होईल हे वित्तसंस्थेचा माणूस सांगतो, त्याच्या बाबतीत निवड हा शब्दच पोकळ आहे आणि त्याला विवेक शिकवणे हा सुखवस्तूंचा उद्योग आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धाबद्दल दोन गोष्टी म्हणता येतात. एक, या माणसाला अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपलीकडचा संग्रह न करण्याचा, उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही; जे कधी हाती आलेच नाही त्याचा त्याग होऊ शकत नाही, आणि आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवलेल्या माणसाला स्वतःची गाडी हवीशी वाटणे यात लोभ शोधणे हा वैराग्याचा दुरुपयोग आहे. दुसरी गोष्ट, निवडीचा अवकाश लहान असला म्हणून तो शून्य होत नाही, आणि तो जितका लहान तितकी त्यातली प्रत्येक निवड अधिक जड असते: दोन वर्षे थांबून डाउन पेमेंट वाढवणे, भावाबरोबर भागीत गाडी घेणे, मोठ्या नव्या गाडीऐवजी लहान जुनी घेणे, किंवा चांगल्या मालकाकडे पगारावर राहणे. यांपैकी शेवटचा पर्याय पराभव मानला जातो, आणि तो मानण्यात प्रतिष्ठेचा भाग हिशेबाच्या भागाइतकाच असतो. परधर्मापेक्षा स्वधर्म बरा या गीतेच्या शिकवणीचा सामाजिक अंगाने फार वाईट वापर झाला आहे, त्यामुळे ती येथे आणताना जपले पाहिजे. पण आपल्याला न झेपणारे कर्म केवळ ते वरच्या दर्जाचे दिसते म्हणून पत्करू नये, एवढा तिचा अर्थ जात किंवा जन्म मध्ये न आणता घेता येतो.

गीतेने सांगितलेले पाचवे कारण, दैव, या धंद्यात सर्वांत जास्त आळवले जाते. नवी गाडी दसऱ्याला किंवा पाडव्याला घरी आणली जाते, खंडेनवमीला तिची हत्यारांबरोबर पूजा होते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि पुढे झेंडूचे तोरण लागते. या आचारांना अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारण्यात फारसा अर्थ नाही. साधनाची पूजा करणारा माणूस, कर्म माझ्या एकट्याच्या बळावर होत नाही, असेच म्हणत असतो आणि त्यात तो गीतेच्या अगदी जवळ असतो. गफलत होते ती दैवाच्या खात्यात काय टाकायचे यात. दरड कोसळून घाट बंद होणे हे दैव म्हणता येईल. हप्ता आणि भाडे यांचा मेळ न बसणे हा कराराचा दोष आहे, आणि त्याला नशीब म्हटल्याने ज्यांनी तो करार घडवला त्यांचीच सोय होते.

जुन्या गाडीचा प्रश्न मात्र या सर्वांहून अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे कर्मफलाचा सिद्धांतच अडचणीत येतो. भारतीय दर्शनांनी कर्मव्यवस्था न्याय्य ठरण्यासाठी दोन दोष टाळले पाहिजेत असे मानले: ‘कृतनाश’, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ न मिळणे, आणि ‘अकृताभ्यागम’, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे. आत्मा नित्य आहे हे सिद्ध करताना नैयायिक आणि वेदान्ती या दोषांचा धाक प्रतिपक्षाला दाखवत असत. जुना ट्रक हा अकृताभ्यागमाचा चालताबोलता पुरावा आहे. आधीच्या मालकाने जादा भार पेलण्यासाठी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत भर घातली, चेसिसला पडलेली चीर वेल्डिंग करून रंगवली, ऑइल बदलायला उशीर केला, आणि त्या सर्वांचे फळ ज्याने यातले काहीच केले नाही त्याच्या पदरात पडते. आधीचा मालक ओव्हरलोडचे पैसे घेऊन बाजूला झालेला असतो, म्हणजे कर्माचे फळ त्याला टळले. कृतनाश आणि अकृताभ्यागम एकाच व्यवहारात घडले. आत्म्याच्या बाबतीत अशक्य मानलेली ही गोष्ट वस्तूंच्या बाबतीत रोज घडते, आणि म्हणूनच खरेदी-विक्रीला नुसता बाजार न मानता धर्माचा विषय मानावे लागते.

शिवाय विकत घेतले ते नेमके काय, हेही जुन्या गाडीत अनिश्चित असते. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, आणि कोणताच अवयव रथ नसेल तर राजा ज्यावर बसून आला तो रथ कोठे आहे. नागसेनाचा हेतू ‘मी’ नावाची अशीच कोणती वस्तू सापडत नाही हे दाखवण्याचा होता. आरटीओने या प्रश्नाचे उत्तर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक देऊन मिटवले आहे, पण घेणाऱ्याला ते पुरत नाही. बॉडी नवी, टायर घासलेले, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, इंजिन एकदा उघडलेले, अशा समुच्चयाला एक नाव आणि एक किंमत असते, आणि वित्तसंस्था मात्र मॉडेलचे साल पाहून कर्ज देते. राष्ट्रीय परवान्याला साधारण ट्रकची बारा वर्षांची आणि बहुआसी गाडीची पंधरा वर्षांची मर्यादा असल्याने सालाला महत्त्व आहेच. फिटनेस प्रमाणपत्रही गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. तरीही जुन्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट आहे जी स्वातंत्र्याच्या विचारात दुर्लक्षित राहू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते, ‘युरिया’ या नावाने ओळखले जाणारे द्रव वेगळे भरावे लागते, आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. जुनी गाडी रस्त्याकडेचा मिस्त्री कानाने ऐकून दुरुस्त करतो आणि अनेकदा ड्रायव्हर स्वतःच करतो. हवेच्या दृष्टीने नवी गाडी निःसंशय बरी आहे, आणि शहरांत श्वास घेणाऱ्यांचे हित ड्रायव्हरच्या सोयीसाठी सोडून देता येत नाही. पण ज्या यंत्राचे आजारपण त्याच्या मालकाला कळत नाही त्यावरची त्याची मालकी एका अर्थाने आणखी पातळ होते, आणि हप्त्याने बांधलेल्या माणसाला सर्व्हिस सेंटरच्या रांगेतला एक दिवस किती महाग पडतो हे धोरण आखणाऱ्यांनी हिशेबात धरलेले दिसत नाही.

अकृताभ्यागमाला व्यवहारात उत्तर शोधण्याचा प्रयत्न धर्मशास्त्राने केला होता. व्यवहाराच्या अठरा पदांत, म्हणजे वादाच्या अठरा प्रकारांत, खरेदी-विक्रीनंतरच्या पश्चात्तापाला स्वतंत्र स्थान आहे, आणि याज्ञवल्क्य व नारद या दोघांच्याही स्मृतींत वस्तुपरत्वे परीक्षेची मुदत ठरवलेली आहे: दुभत्या जनावराला तीन दिवस, रत्नांना सात दिवस, आणि ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस. पाच दिवसांत बैल जुंपून पाहता येतो, भरलेल्या गाडीला लावता येतो, तो चढावर बसतो की चालतो हे कळते. जुन्या ट्रकची परीक्षा आज बहुधा रिकामी गाडी सपाट रस्त्यावर एक फेरी फिरवून आणि मिस्त्रीला इंजिनाचा आवाज ऐकवून होते, आणि क्लच किंवा डिफरेन्शियलमधला दोष पहिल्या भरलेल्या खेपेला खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर उघड होतो, जेव्हा कागदपत्रे नावावर होऊन गेलेली असतात. स्मृतिकारांनी मुदत देताना दोष जाणण्याचा भार घेणाऱ्यावर टाकला तसाच, माहीत असलेला दोष लपवून विकणाऱ्याला दंडही सांगितला. जुन्या गाड्यांच्या बाजारात यांतला पहिला भाग पूर्ण कठोरपणे पाळला जातो. दुसऱ्या भागाचा भार आता त्या मालक-चालकावर येतो ज्याने स्वतः एकदा दुसऱ्याच्या ओव्हरलोडचे फळ भोगले आहे: परवान्याची वर्षे संपत आली की त्यालाही गाडी विकायची असते, रंगाखालचे वेल्डिंग त्याला माहीत असते, आणि समोर पहिल्यांदाच स्वतःची गाडी घ्यायला आलेला एखादा पगारी ड्रायव्हर उभा असतो.